बिरोबाच्या खांबावरची दोरी

धोंडुबाईला माणूस भेटला की ती आधी त्याच्या पायांकडे बघते, मग दातांकडे. नाव, गाव, पावणंरावळं सगळं त्यानंतर. मुलासाठी सून बघायला गेली तेव्हा तिनं पोह्यांची ताटली बाजूला सारली आणि मुलीला सांगितलं, "जरा त्या बांधापातूर चालून ये बगू." मुलगी चालून आली, धोंडुबाईनं मान डोलावली आणि लग्न ठरलं. ती मुलगी म्हणजे मंगल. तिच्या संसाराला आता वीस वर्षं होऊन गेली, पण घरात कुणी पाहुणं आलं की ती हा किस्सा सांगते आणि वर म्हणते, "माजी निवड मेंढीवाणी झाली." धोंडुबाईला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. मेंढीसारखं पारखून घेतलं याहून मोठा मान तिला ठाऊक नाही.

ती कवठे महांकाळ तालुक्यातल्या माळावरची. शाळेची पायरी चढली ती थेट नातीचं नाव घालायला. एकोणऐंशी साली, पंधरा वर्षांची असताना, ती लग्न होऊन या धनगराच्या घरात आली. घर आपलं नावाला. दिवाळी झाली की दीड-दोनशे मेंढरांचा कळप घेऊन सगळी पश्चिमेला निघायची, साताऱ्याकडच्या उसाच्या मुलखात. तिथले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत व्हायचं. पाऊस लागला की परत माळावर.

पैदाशीचा मेंढा निवडणं हे त्या घरातलं सगळ्यांत मोठं काम, आणि ते बाप्यांचं. पण सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पंचाईत झाली. नवरा अर्जुना स्वभावानं देवमाणूस, पण मेंढा निवडायचा तो नुसता रुबाब बघून. दोन वर्षं कळपाची दैना झाली. मग सासऱ्यांनी सुनेला समोर बसवलं आणि म्हणाले, "तुला काय दिसतंय त्ये सांगत जा." ती सांगू लागली. ह्याचं मागचं पाय आत वळत्यात. ह्यो आईच्या आधी पाण्यावर जातोय. ह्याची आय उन्हाळ्यात बी दूध देत हुती. वर्षभर ऐकून सासरे म्हणाले, "माजं डोळं गेलं न्हाईत, सुनंकडं ऱ्हायला गेल्यात." त्या दिवसापासून निवड धोंडुबाईची. बाई मेंढा निवडते म्हणून भावकीत बरीच नाकं मुरडली गेली. तीन-चार वर्षांनी तीच नाकं मेंढा मागायला दारात आली, आणि धोंडुबाईनं ताक पाजून त्यांना एक दिवस ताटकळत ठेवलं. चांगली असली तरी ती काही संत नव्हे.

आता दोरीचं सांगतो. त्या घरात एक रीत होती. दसऱ्याला वर्षाचा मेंढा ठरला की त्याच्या मानेवरची चिमूटभर लोकर कातरायची, भंडारा लावायचा आणि बिरोबाच्या देवळात खांबाला टांगलेल्या दोरीत गाठ मारून ती अडकवायची. दसरा परमुलखात आला तर लोकर पदराला बांधून घरी आणायची. एका वर्षाची एक गाठ. नवी सून आली त्या वर्षी सासऱ्यांनी ही दोरी सुरू केली, म्हणून पहिली गाठ एकोणऐंशीची.

तेव्हाची लोकर काळी कुळकुळीत, बोटभर लांब. तिची घोंगडी व्हायची. पुढं लोकरीला कुणी विचारेना, आणि धोंडुबाईच्या डोक्यात वेगळाच विचार सुरू झाला. चालायचं लांब, म्हणून लांब पायांचा मेंढा हवा. साताऱ्याकडं अवकाळी पावसानं गाठलं की दाट लोकरीचं मेंढरू भिजून आजारी पडायचं, म्हणून आखूड केसांचा हवा. उन्हात जो उशिरा धापा टाकतो तो हवा. रंग ती बघतच नव्हती. तरी काळं मेंढरू उन्हात लवकर तापतं, म्हणून वर्षामागून वर्ष कळप उजळत गेला. आधी तांबडे पट्टे आले, मग पांढरा झाला. बाहेरची एक मेंढी तिनं आणली नाही. मेंढ्याची अदलाबदल केली ती फक्त माहेरच्या कळपाशी, आणि तोही त्याच काळ्या वाणाचा. हा बदल घरात कुणाच्या ध्यानातच आला नाही. रोज जे बघतो ते बदललेलं कधी दिसत नसतं. दोरीवर मात्र सगळं गाठीगाठीनं लिहून ठेवलेलं होतं.

मग म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं पाणी तालुक्यात आलं. मुलगा दिग्विजय यानं द्राक्षाची बाग लावली, फिरणं संपलं. मेंढरं विकून टाकू असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी आईच्या चेहऱ्याकडं बघून गप्प बसायचा. साठेक मेंढरं राहिली.

दिग्विजयची मुलगी सोनिया. दोन हजार तेवीस साली ती दहावीला गेली. त्याच उन्हाळ्यात पेपरात बातमी आली की केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा धडा वगळला. शास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली, टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडली. सोनियाच्या राज्याच्या पुस्तकात तो धडा होता. तिनं तो आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. सजीव पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात, जे टिकतात त्यांचेच गुण पुढं जातात, हे डार्विन नावाच्या इंग्रज साहेबानं मांडलं, वगैरे वगैरे.

धोंडुबाई शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "ह्ये त्या सायबाला आत्ता कळलं व्हय?"

"आज्जे, दीडशे वर्सं झाली त्याला."

"तरी उशीरच केला म्हनायचा."

सोनियानं त्या दिवशी पहिल्यांदा देवळातली दोरी नीट पाहिली, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती हीच मांडणार होती. तिला अकरावीला सायन्स घेऊन सांगलीला जायचं होतं. दिग्विजय म्हणत होता, गावातलंच कॉलेज बरं, पोरीला एवढ्या लांब कशाला. शेवटी बापलेकीचा करार झाला. शाळेतून एकच प्रयोग जिल्ह्याला, म्हणजे सांगलीला जातो. तो सोनियाचा असला तर सांगलीचं कॉलेज, नसला तर हा विषय परत काढायचा नाही. सोनियानं हात पुढे केला, बापानं टाळी दिली. मंगलनं कपाळाला हात लावला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी धोंडुबाई अंगणात आली आणि जागच्या जागी थांबली. सोनियानं पंचेचाळीसच्या पंचेचाळीस गाठी सोडल्या होत्या. पांढऱ्या थर्माकोलवर लोकरीचे पुंजके ओळीनं चिकटवले होते. डावीकडं सगळ्यांत काळा, मग करडा, मग तांबूस, शेवटी पांढराशुभ्र. दिसायला फार देखणं दिसत होतं.

"ह्यो क्रम कुनी लावला?"

"मीच. रंगावरनं. बग की, कसा हळूहळू बदल दिसतोय."

"असा न्हवता झाला," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तर सोनिया घाबरली. "मदी काळा परत आलावता. एकदा न्हवं, तीनदा. देखनं दिसावं म्हनून तू दोरीला खोटं बोलाय लावलंस."

सोनिया रडकुंडीला आली. गाठी सुटल्या होत्या, आता कुठली लोकर कुठल्या सालची हे सांगणार कोण? प्रदर्शनाला तीन तास होते. धोंडुबाई उन्हात मांडी घालून बसली. "एकेक दी हातात," म्हणाली आणि डोळे मिटले. चिमटीत लोकर चोळायची आणि सांगायची. ह्यो तुज्या बाच्या जल्माच्या वर्सीचा. ह्यो कानफाट्या, लय मारका हुता. ह्यो कऱ्हाडाच्या पुलावर बुजला त्यो. सोनिया लिहीत गेली. बोटं न चुकता चालली होती. एक्केचाळीस पुंजके जागेवर बसले. चार राहिले. धोंडुबाईनं ते पुन्हा पुन्हा चोळले आणि खाली ठेवले.

"ह्ये न्हाई सांगता येत."

"अंदाजानं लिहू का, आज्जे?"

"न्हाई. ठाऊक न्हाई आसं लिव्ह."

त्या वर्षीचे प्रमुख पाहुणे होते हंबीरराव, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, साताऱ्याकडचे ऊसवाले. शाळेचे अध्यक्ष बाळासो त्यांच्याबरोबर एकाच पलटणीत होते, त्या ओळखीनं ते आले. माणूस सरळ, करड्या मिशांचा, आवाज खणखणीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक छंद लावून घेतला होता. उत्क्रांतीच्या विरोधातली कात्रणं फाइलला लावायची आणि शाळाशाळांतून भाषणं द्यायची. धडा वगळल्याच्या बातमीनं त्यांना चांगलाच जोर चढला होता. बाळासोंनी आधीच जाहीर केलं होतं की पाहुणे ज्या प्रयोगावर सही करतील तो सांगलीला जाईल. सोनियानं हे ऐकलं आणि टेबलावरची थर्माकोलची पाटी पुन्हा एकदा सरळ केली.

हंबीरराव भाषणाला उठले. "माकडाचा माणूस होताना तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? जंगलात जाऊन डार्विननं तरी पाहिला का? देवानं जे जसं घडवलं ते तसंच आहे. आंबा तो आंबा. मेंढी ती मेंढी. एक प्राणी बदललेला दाखवा, मी फाइल फाडून टाकतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागं बायकांत बसलेल्या धोंडुबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पाहुण्यांचे पाय बघत होती. डावा पाय जरा ओढत होते. हा पाय आपण कुठंतरी बघितलाय, असं तिला भाषणभर वाटत राहिलं, आणि भाषण संपता संपता तिला तो सापडला.

भाषणानंतर पाहुणे प्रयोग बघत सोनियाच्या टेबलाशी आले. मागोमाग सगळी शाळा गोळा झाली. सोनियानं धडपडत का होईना पण सगळं सांगितलं. हंबीररावांनी चष्मा लावून पाटी वाचली.

"बाळ, कष्ट घेतलेत तू. पण ही लोकर एकाच कळपाची कशावरून? काळी मेंढरं विकली, पांढरी आणली, झालं. आणि हे काय? चार ठिकाणी लिहिलंय 'वर्ष माहीत नाही'. हे विज्ञान आहे की हरवल्या-सापडल्याची यादी?" लोक हसले. हंबीररावांनी बोट पुढं सरकवलं. "आणि हे बघ. चांगली पांढरी चाललीय, आणि मध्येच ही काळी. तुझा क्रमच चुकलाय."

सोनियानं मागं वळून आजीला शोधलं. दिग्विजयनं मान खाली घातली. त्याला करार जिंकायचा होता, पण असा नव्हे.

"क्रम बरूबर हाय, पाटील," मागून आवाज आला. गर्दीनं वाट दिली, धोंडुबाई पुढं आली. "त्या काळ्या लोकरीचं साल वाचा."

"दोन हजार तीन."

"त्या वर्सी पाऊस झालाच न्हाई. मेंढरं माघारी न्याया आमच्या माळाव गवताची काडी न्हवती. माजा दसरा कुटं झाला?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"तुमच्या मळ्यात झाला. हिरीच्या वरच्या अंगाला. तुमी रजेवर आलावता, डाव्या पायाला पिलास्तर हुतं."

हंबीरराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. वीस वर्षांत चेहरा बदलला होता. धोंडुबाईनं पाय ओळखले, त्यांना चेहरा ओळखायचा होता, म्हणून वेळ लागला.

"दसऱ्याच्या चार दिस आदी माजा मेंढा मेला," ती म्हणाली. "खुरटलेली ज्वारी खाल्ली, ती बाधली त्येला. तुमी खड्डा खनून दिला गड्याकडनं. आन् मला म्हनला..."

"म्हणलो, बाई, मेंढा गेला त्याचं सुतक धरू नका, दुसरा निवडा," हंबीररावांनी वाक्य पुरं केलं. ते फार हळू बोलले, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. "आन् तुमी काळा निवडला. उरल्याला त्योच एक धड हुता. म्या बगितलाय की लोकर पदराला बांदताना." खणखणीत भाषण कधीच गळून पडलं होतं, माणूस घरच्या बोलीवर आला होता.

"मेल्याला मेंढा कसा हुता?"

"पांढरा. कपाळाला तांबडा टिळा."

"आन् तुमच्या वडलांच्या येळची माजी मेंढरं?"

हंबीरराव लोकरीवर बोट ठेवून म्हणाले, "काळी. समदी काळी. आमच्या आईनं तुमच्या लोकरीचं घोंगडं करून घेतलं हुतं. अजून घरात हाय."

त्या पाटीचा साक्षीदार गावात कुणी सापडला नसता, आणि तो फाइल घेऊन स्वतःच्या पायानं चालत आला होता. सोनियानं सकाळचा देखणा क्रम तसाच ठेवला असता तर ती काळी लोकर एकोणऐंशीच्या पंक्तीत जाऊन बसली असती, आणि हंबीररावांनी पाटी बघून जांभई दिली असती.

पण फौजी एका गोळीत पडत नाही. त्यांनी घसा साफ केला. "मान्य. पण हे तुम्ही निवडलंत, धोंडुबाई. माणसानं. रानात निवडायला कोण बसलंय?"

"रानात दुष्काळ न्हाई व्हय, पाटील? त्या वर्सी माजी निम्मी मेंढरं गेली. कंची गेली? आखूड पायाची, दाट लोकरीची. उरली त्यास्नी म्या न्हाई निवडलं, दुष्काळानं निवडलं. म्या निस्ती त्येची री वढली."

"तरी मेंढी ती मेंढीच राहिली."

"आमास्नी चव्वेचाळीस वर्सं गावली. तेवढ्यात रंग गेला, लोकर गेली, पाय वाडलं. चव्वेचाळीस लाख वर्सं द्या, मग इचारा मेंढी ऱ्हाती का काय हुतीया."

पहिल्यांदा विज्ञानाच्या बाईंनी टाळी वाजवली, मग पोरांनी, मग थेट मागच्या दारापर्यंत सगळ्यांनी. हंबीररावांनी टाळ्या थांबू दिल्या. मग त्यांनी जरा खाली वाकून, वाद म्हणून नव्हे तर खरंच कळावं म्हणून विचारलं, "आणि देव?"

"देवाच्याच खांबावरची दोरी हाय ती. बिरोबाला राग आला आसता तर त्येनं एवडी वर्सं संबाळली आसती का?"

हंबीररावांनी खिशातून पेन काढलं. पाटीखालच्या कागदावर सही केली आणि लोकांकडं वळले. "मी सत्तावीस वर्षं फौजेत काढली. डोळ्यांनी बघितलं एक आणि रिपोर्टात लिहिलं दुसरं, असं कधी केलं नाही. आज म्हातारपणी सुरुवात करणार नाही. माकडाचं मला अजून वाचावं लागेल. मेंढराचा मात्र मी साक्षीदार आहे." मग बोलल्याप्रमाणे त्यांनी फाइल फाडायला घेतली. ती पुठ्ठ्याची होती, फाटेना. शेवटी त्यांनी ती सोनियाच्या हातात दिली आणि ताठ उभं राहून धोंडुबाईला सॅल्यूट ठोकला. धोंडुबाईला सॅल्यूटला काय करायचं ते माहीत नव्हतं. तिनं त्यांच्या पायाकडं बघत विचारलं, "दुकतोय का अजून?"

जानेवारीत सांगलीला प्रदर्शन भरलं. हंबीरराव एसटीनं आले, काखेत एक गाठोडं. त्यात ते काळं घोंगडं होतं. धोंडुबाईनं त्यावर हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. ते तिनं लपवलंही नाही. सासऱ्यांच्या हातचा कळप होता तो. घोंगडं टेबलावर अंथरलं, त्यावर पाटी मांडली, आणि बघायला रांग लागली. एक परीक्षक प्राध्यापक सगळ्यात जास्त वेळ त्या चार 'माहीत नाही' पाशी उभे राहिले. ते म्हणाले, अख्ख्या हॉलमध्ये हे लिहायची हिंमत एवढ्या एकाच टेबलावर आहे. संध्याकाळी निकाल लागला. जिल्ह्यात पहिला नंबर. माईकवर सोनियाचं नाव पुकारलं तेव्हा दिग्विजय सगळ्यांच्या आधी उभा राहिला, आणि टाळ्या वाजवता वाजवता शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागला, "माजी पोरगी. आन् ती माजी आय."

जूनमध्ये त्यानंच सांगलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली.

त्या वर्षी दसऱ्याला सोनिया वसतिगृहातून घरी आली. बिरोबासमोर दोरी पुन्हा गाठी मारून टांगलेली होती. चार पुंजके तळाला वेगळे बांधले होते. मेंढे सोडले, आणि धोंडुबाईनं कातरी नातीच्या हातात दिली. "औंदा तू निवड."

सोनियानं खूप वेळ लावला. पाय पाहिले, दात पाहिले, आया आठवल्या. शेवटी एकाच्या मानेला हात घातला. धोंडुबाईनं नाक मुरडलं.

"चुकलीस. त्येचा भाऊ बरा हुता."

सोनियाचा हात थांबला. "मग बदलू का?"

"का म्हनून? कातर. गाट मार. तू चुकली का मी, त्ये दोरी सांगंल."

सोनियानं लोकर कातरली, भंडारा लावला आणि सेहेचाळिसावी गाठ मारली. लोकर फिकट तांबूस होती, अलीकडच्या सगळ्या गाठींपेक्षा वेगळी. धोंडुबाईनं गाठ ओढून बघितली. घट्ट बसली होती.